झुंबर जेवते कुठे

एकलहरे वसाहत, नाशिक
रविवार, ७ नोव्हेंबर १९८२

प्रिय कुसा,

परवा सावळीरामभाऊजी येऊन गेले. कांद्याचा ट्रक वसाहतीच्या फाटकाबाहेर लावून आत आले, चहा घेतला, आपल्या लेकीचे, झुंबरचे, सहामाहीचे पेपर उलटसुलट करून पाहिले आणि मग बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. तेव्हाच मी ओळखलं की निरोप तुझा आहे आणि तो त्यांच्या तोंडून निघत नाहीये. शेवटी निघाला. तुझ्या सासूबाई म्हणतात, दिवाळीला पोरगी घरी आली की परत धाडायची नाय. देवळ्याकडचं स्थळ आलंय, कांद्याची चाळ आहे, बारमाही विहीर आहे, मुलगा एकुलता एक. पोरीचं चौदावं सरायच्या आत उरकून टाकू, शाळा काय पळून जाते का. आता त्यांना थोपवायचं तर एकच उपाय आहे असं तुला वाटतं. मी एक पत्र लिहायचं. झुंबर आमच्या घरी राहते खरी, पण तिचा स्टोव्ह वेगळा, भांडी वेगळी, माठ वेगळा, ती आपल्या हाताने रांधून खाते आणि आमच्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवत नाही, असं त्यात मी लिहून द्यायचं. एवढं ऐकलं की सासूबाईंचं मन निवेल आणि झुंबरचं नववीचं वर्ष पुरं होईल, मग दहावीचं पुढे बघू.

भाऊजींना मी हो म्हणाले. ते मंगळवारी झुंबरला न्यायला येतील, तोवर पत्र तयार हवं. आज जयराम पहिल्या पाळीला गेलाय, झुंबर खाली मुलींबरोबर आहे, घर शांत आहे. ते पत्र लिहायला म्हणून कागद पुढे ओढला आणि हे लिहायला लागले. म्हटलं आधी तुझ्याशी बोलून घेऊ, मग त्या चार ओळी काय, लिहून होतील. मी रागावले नाहीये. रागावायलासुद्धा अंगात जोर लागतो बाई, आणि माझा जोर हल्ली शाळा सुटेपर्यंतच पुरतो. मी नुसती दमलेय. कशाने दमलेय ते सांगता येईल का बघते, आलं तर आलं.

सायखेड्याची आपली शाळा आठवते का तुला? पडवीत माठ असायचा आणि त्याला हात लावायची आम्हा महारवाड्यातल्या पोरांना बंदी. तहान लागली की कुणीतरी वरून ओतायचं आणि आम्ही ओंजळ करून प्यायचं. माझ्या ओंजळीत नेहमी तू ओतायचीस. दुसरी कुणी उठली तर तिला मागे ढकलून तू उठायचीस. इतकी सावकाश ओतायचीस की एक थेंब इकडेतिकडे उडत नसे. मी तेव्हा सात वर्षांची असेन. मला वाटायचं, कुसा माझी जिवाभावाची मैत्रीण आहे, म्हणून ती मला पाणी देते. बाकीच्या मुली बिचाऱ्या स्वतःचं स्वतः घेतात, त्यांना ओतून द्यायला कुणी नाही. घरी जाऊन मी हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं. आई चुलीपुढे होती, तिने मान वर केली नाही. दादा म्हणजे माझे वडील, सहादू, ते उठून बाहेर गेले. पुढे मी तेरा वर्षांची झाले, आम्ही बौद्ध झालो आणि त्या वर्षी दादांनी मला बजावून सांगितलं की यापुढे कुणाच्याही हातून वरून पाणी प्यायचं नाही, तहानलेली राहिलीस तरी चालेल. मग मी रोज घरून पिऊन जायचे आणि दिवसभर काढायचे. तू मात्र रोज विचारायचीस, लते, पाणी ओतू का गं. तुझ्या त्या विचारण्यात प्रेम होतं, ते खोटं होतं असं मी कधी म्हणणार नाही.

नंतर तुझं लग्न झालं, तू मळ्यात गेलीस. मी शिकले, नाशिकरोडला मराठीची बाई झाले, जयरामला इथे वीज केंद्रात नोकरी लागली आणि आम्ही वसाहतीत राहायला आलो. आम्हाला मूल झालं नाही, हे तुला ठाऊकच आहे. त्याबद्दल रडायचे दिवस संपले म्हणता म्हणता गेल्या वर्षी जूनमध्ये तू झुंबरचा हात धरून दारात उभी राहिलीस. मळ्याजवळच्या शाळेत सातवीच्या पुढे वर्ग नाही, पोरगी हुशार आहे, तुझ्याजवळ ठेव म्हणालीस. मला त्या दिवशी काय झालं ते मी तुला सांगितलं नाही, आज सांगते. तू गेल्यावर मी मोरीत जाऊन तोंडावर पदर घेऊन रडले. जयरामला वाटलं, कुणी गेलं की काय.

घरी तू सांगितलंस की झुंबर शाळेच्या बाईंकडे राहते. त्यात खोटं काही नव्हतं. बाई म्हटलं की सासूबाईंच्या डोळ्यांसमोर काय उभं राहिलं असेल ते राहिलं, कुणी विचारलं नाही आणि तूही सांगितलं नाहीस. झुंबर आली, पहिले दोन दिवस कोपऱ्यात बसून राहिली आणि तिसऱ्या दिवशी माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली ती तिथलीच झाली. इथे तारेवर वाळत घातलेल्या कपड्यांवर केंद्राची राख बसते, ती झटकायचं काम तिने आपण होऊन घेतलं. जयराम ठेचा करतो तेव्हा खलबत्ता तिच्याकडे असतो. त्यांचं दोघांचं एकच ताट, आणि शेवटचा घास कुणाचा यावरून त्यांची भांडणं. मी नसते तेव्हा ती माझ्या हातची भाकरी फडक्यातून काढून उभ्याउभ्याच खाते, कितीदा सांगितलं, बसून खा म्हणून.

तू तिला भेटायला यायचीस. पहिल्यांदा आलीस तो सोमवार होता, तुझा उपवास. पुढच्या वेळी चतुर्थी होती. मग गुरुवार. तू एसटीने यायचीस, पिशवीत झुंबरसाठी शेंगा, हुरडा, काय काय, आणि तुझा स्वतःचा फिरकीचा तांब्या. मी सकाळपासून घर घासायला घ्यायचे. माझं घर एवढं लख्ख कसं असतं याचं तुला नेहमी कौतुक. अगं, कुणी आलं तर बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून मी ते घासते. आयुष्यभर घासतेय. वसाहतीतल्या बायका म्हणतात, लताबाईंच्या घरात जमिनीवर वाढलं तरी जेवावं, पण जेवायला कुणी थांबत नाही. तू यायचीस त्या दिवशी पाण्याचं पिंप दोनदा घासायचे, खिचडीसाठी साबुदाणा भिजवून ठेवायचे, कारण तुझा उपवास असणार हे मला ठाऊक असायचं. तू म्हणायचीस, नको गं, सकाळी घरून खाऊन निघाले. मी साबुदाणा झुंबरच्या ताटात वाढायचे. तिला तो फार आवडतो, तेवढा एक फायदा झाला.

ह्या पावसाळ्यात मी तिला एक कादंबरी वाचायला दिली. वसाहतीच्या वाचनालयातली, परदेशी, कुणीतरी मराठीत आणलेली. पुठ्ठा गेलाय, सुरुवातीची पानंही गेलीत, त्यामुळे नाव काय आणि लिहिणारा कोण, हे मलाही सांगता येत नाही. एवढंच ऐकून आहे की तिकडे ती मोठ्या कादंबऱ्यांत मोजतात, आजीने वाचलेली नातही वाचते. गोष्ट एका पाववाल्याच्या मुलीची. थंडीचा मुलूख, गावामधून नदी. नदीपलीकडच्या लोकांनी दुकानात पुढच्या दाराने येऊ नये असं कुठे लिहिलेलं नाही, पण ते येत नाहीत. ते मागच्या खिडकीशी उभे राहतात, त्यांना पाव तिथून मिळतो. मुलगी आठ वर्षांची आहे आणि पिठाच्या पोत्यावर बसून सगळं बघत असते. तिला वाटतं, मागे भट्टी आहे, खिडकीशी ऊब असते, म्हणून त्या लोकांना तीच जागा आवडते. तिला त्यांचा हेवा वाटतो. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक पालथं ठेवलं आणि उठून पाणी प्यायले. पडवीतला माठ आठवला, माझा तो तोरा आठवला.

लिहिणाऱ्याने काय केलंय बघ. त्याने पूर्ण पुस्तकात कुणाला वाईट म्हटलेलं नाही. आठ वर्षांच्या पोरीच्या उंचीवरून जेवढं दिसतं तेवढंच तो सांगतो. तिला मोठ्या माणसांचे चेहरे नीट दिसत नाहीत, तिच्या डोळ्यांसमोर असतात त्यांचे हात. पुढच्या दाराने आलेल्या गिऱ्हाइकाला आई पाव हातात देते. खिडकीवरच्याला फळीवर ठेवते. पोरगी हे सांगते आणि पुढे भट्टीजवळच्या मांजराबद्दल बोलायला लागते. आई तिची लाडकी आहे, आई प्रेमळ आहे, आजाऱ्याला फुकट पाव देते, पण तोही फळीवरच ठेवते. आपण मोठी माणसं वाचताना चरफडतो, की अगं बाई, तुला समजत कसं नाही. आणि मग लक्षात येतं की तिला निदान दिसतंय तरी. आपल्याला ते रोज बघून बघून दिसायचंच बंद झालंय. पुढे एका हिमवादळात ती पोरगी पुढचं दार सताड उघडते आणि नदीपलीकडच्या एका म्हातारीला आत ये म्हणते. म्हातारी येत नाही. हसते, मान हलवते आणि वादळातच वळसा घालून मागच्या खिडकीशी जाऊन उभी राहते. ते प्रकरण तिथेच संपतं.

मी ती कादंबरी नववीच्या वर्गाला ऑफ तासाला वाचून दाखवली. मुलं गप्प बसून ऐकायची, मागच्या बाकावरचीसुद्धा. संपल्यावर विचारलं, काय वाटलं. एक हुशार मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, बाई, तिकडे फारच वाईट होतं, आपल्याकडे आता असलं काही राहिलं नाही. सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. त्या मुलीची आई शिक्षकदिनाला माझ्यासाठी गुलाब पाठवते आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शाळेतल्या सगळ्या बाईंना बोलावते, मला सोडून. म्हणते, तुमच्यात चालत नाही ना, उगाच तुम्हाला अवघडल्यासारखं व्हायला नको. मी काय करायला हवं होतं कुसा? खडू ठेवला, हजेरीपट उचलला आणि वर्गाबाहेर आले. पूर्वी मी अशा वेळी तासभर बोलले असते. आता समोरचं पोर चांगलं आहे हे कळतं आणि तोंड उघडायचा कंटाळा येतो.

झुंबरचे प्रश्न घरी आल्यावर सुरू झाले. दार उघडलं होतं, मग म्हातारी आत का आली नाही? मी म्हटलं, तूच विचार कर. तिने बरेच दिवस विचार केला, कपडे झटकताना, केस विंचरताना, तिचं तोंड बघूनच कळायचं की ही त्या पाववाल्याच्या दुकानात आहे. एक दिवस म्हणाली, मावशी, ही सगळी गोष्ट दुकानातच का घडते? त्या म्हातारीच्या घरी लिहिणारा एकदाही का जात नाही? तिला पाव कसा लागत असेल? मला तर हसूच आलं. जे मला इतकी वर्षं कुणाला सांगता आलं नाही ते ह्या पोरीने भाजी निवडता निवडता सांगितलं. असली पुस्तकं मी किती वाचलीत. प्रत्येकात एक निष्पाप पोर असतं, ते आतल्या बाजूला बसलेलं असतं, त्याला हळूहळू समजतं आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. मी मात्र पूर्ण पुस्तकभर खिडकीबाहेर उभी असते, आणि आत काय चाललंय ते मला पहिल्या पानापासून माहीत असतं. तरी मी ती वाचते आणि मुलांना वाचून दाखवते. पोटासाठी म्हण, नाहीतर सवयीने म्हण.

मग गौरी-गणपती आले आणि झुंबर सुट्टीला मळ्यात गेली. तिथे काय झालं ते तुझ्याकडूनच कळलं. सासूबाईंनी कौतुकाने विचारलं, बाईंकडे गौरी कशाच्या असतात गं, खड्यांच्या का मुखवट्यांच्या. पोरीने सरळ उत्तर दिलं, मावशीकडे गौरी नसतात, आमच्याकडे पौर्णिमेला वंदना असते. तू म्हणालीस, सासूबाईंना बाकीचं सोसलं असतं, पण तिचं ते आमच्याकडे म्हणणं जिव्हारी लागलं. मला समजतं गं ते. नात आपली आणि ती दुसऱ्याच्या घराला आमचं म्हणते, कुठल्याही आजीला लागेल. मला स्वतःला ते ऐकून काय वाटलं ते लिहीत नाही, लिहिलं तर तुझ्यापासून काहीतरी चोरल्यासारखं होईल.

त्यानंतर तू आलीस ती बुधवारी. गडबडीत होतीस, डोळे सुजलेले, सासूबाईंनी धारेवर धरलं होतं. मी तांब्याभांडं पुढे केलं. तुझा हात जरासा पुढे आला आणि मागे गेला, आणि तू म्हणालीस, आज उपास आहे गं. बुधवारचा कसला उपास ते मी विचारलं नाही. आपण बोललो, तू रडलीस, मी तुझी समजूत काढली, तू तुझ्या तांब्यातलं पाणी प्यायलीस आणि साडेतीनच्या गाडीला गेलीस. झुंबर तुला थांब्यापर्यंत सोडून आली. आल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली. बोट ठेवून तो बुधवार शोधला, मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, मावशी, उपासाला पाणी चालतं ना? मी म्हटलं, चालतं. ते तांब्याभांडं तसंच भरलेलं होतं, तिने ते उचललं, सगळं पाणी उभ्याने पिऊन टाकलं आणि भांडं घासून जागेवर ठेवलं. त्या रात्री ती जेवली नाही, पोट दुखतंय म्हणाली.

हे तुला दुखवायला लिहीत नाहीये. तू आपल्या नवऱ्याच्या घरी आपल्या सासूच्या हाताखाली दिवस काढतेस आणि तरी पोरीला माझ्या दारात आणून उभी केलीस, हे धाडस तुझ्या गावात दुसऱ्या कुणी केलं नाही. माझ्या घरी पाणी पिऊन मळ्यात गेलीस तर रात्री तुला झोप लागणार नाही, हे मला समजतं. मी स्वतःची समजूत घातली होती की कुसा अशीच आहे, ती वरून ओतणार, एक थेंब उडू देणार नाही, आणि तिचं आपल्यावर प्रेम आहे. चाळिशी आली, आता काय भांडायचं. त्यामुळे तुझा निरोप आला तेव्हाही मी मनात म्हटलं, लिहून टाकू. इतकं गिळलं, आणखी चार ओळी. पोरीची शाळा वाचते ना, मग स्टोव्ह वेगळा लिहू, माठ वेगळा लिहू. जयराम तर म्हणाला, लिही, मोरीही वेगळी आहे म्हणून लिही, आपलं काय जातंय.

काल दुपारी मी गहू निवडत बसले होते. झुंबर शेजारी येऊन बसली आणि ताटातले खडे वेचायला लागली. तिला निरोपाचं सगळं माहीत आहे, एवढ्याशा घरात काय लपतंय. जरा वेळाने म्हणाली, मावशी, ते पत्र आजीला वाचून कोण दाखवणार? मी हाताने गहू पसरत होते, माझा हात थांबला. कुसा, तुझ्या ध्यानात आलं होतं का गं हे? माझ्या तर आलं नव्हतं. भाऊजी ट्रक घेऊन रस्त्यावर असतात. तू शाळा सोडल्यापासून पुस्तक उघडलं नाहीस, तुला जोडाक्षरं अडतात. तुमच्या घरी आलेलं पत्र झुंबर सुट्टीला आली की तीच वाचते, आजीच्या बाजेशी बसून, मोठ्याने. तिनेच मला सांगितलं, की आजी प्रत्येक ओळीला थांबवते आणि विचारते, खरं का गं. मग तिने विचारलं, मी माझी भांडी वेगळी ठेवते असं वाचलं आणि आजी म्हणाली, खरं का गं, तर मी काय म्हणू? तिच्या आवाजात रडू नव्हतं. परीक्षेत कुठला प्रश्न सोडवायचा, असं विचारावं तसं विचारत होती. तू हो म्हण म्हणालीस तर हो म्हणेन, म्हणाली. मला शाळा सोडायची नाहीये मावशी. हे ती म्हणाली आणि पुन्हा खडे वेचायला लागली.

काल संध्याकाळपासून हेच चाललंय डोक्यात. मी खोटं लिहायला तयार होते, तू ते मागायला तयार होतीस, पण बोलायला लावणार होतो आपण तिला. ज्या घरात ती जेवली त्या घराचं अन्न आपण खाल्लं नाही असं तिने आजीच्या तोंडावर वाचायचं, आणि तेही आजीने खरं का गं विचारल्यावर मान हलवून. एकदा हलवली की मग ती आयुष्यभर हलेल. तुझी हलते, माझी हलते, आपल्याला कुठे दुखतं आता. तेव्हा ते चार ओळींचं पत्र मी लिहिणार नाही. हेच ते पत्र आहे. बसले होते तेव्हा हे तुझ्या एकटीसाठी होतं, आता ते तुमच्या घरासाठी आहे. एवढं लिहून मी झुंबरला खालून वर बोलावलं आणि सगळे कागद तिच्या हातात दिले. म्हटलं, हे तुला वाचायचं आहे, यातलं जे मोठ्याने वाचायला जड जाईल ते खोड, मी काही म्हणणार नाही. तिने खिडकीत बसून दोनदा वाचलं. कॅलेंडरच्या जागेवर थोडी अडखळली. काही खोडलं नाही. शाळा गेली तर, असं मी विचारलं. मला ते बरं वाटेना, पण विचारलं. ती म्हणाली, जाईल तर आजीला विचारून जाईल, खोटं बोलून राहिली असं तर होणार नाही. हे शहाणपण मी तिला शिकवलेलं नाही, आणि मला त्याची भीती वाटते, कारण देवळ्याचं स्थळ खरं आहे आणि दिवाळी आठवड्यावर आली आहे. पाकीट चिकटवत नाही. पुढचं सासूबाईंसाठी. झुंबर तुम्हाला आजी म्हणते, म्हणून मीही तेच म्हणते. आजी, तुमची नात माझ्या घरी माझ्या हातचं खाते, आमच्याच पिंपातलं पाणी पिते, आणि गणितात वर्गात पहिली आली आहे. तिला हवं तेवढं थांबवा, हवं ते विचारा, ती खरं सांगेल. मग तिला शाळेत धाडायचं का देवळ्याला, ते तुम्ही ठरवा, फक्त तिच्या तोंडाकडे बघून ठरवा. आणि कुसा, तू आत चुलीपाशी जाऊ नकोस. तिचं वाचून होईपर्यंत तिच्या शेजारी बस.

तुझीच, सायखेड्याच्या शाळेपासूनची,
लता